आमचा माणूस अजून रस्त्यात आहे

पुंडलिकनगरात राहणाऱ्या, बँकेतून निवृत्त झालेल्या बाईला फ्रान्समधल्या सायकल शर्यतीचं वेड कसं लागलं, असं कुणी विचारलं की मी सगळा दोष गुडघ्यावर ढकलते. गुडघा बदलला तो जुलै महिना होता. पाय उशीवर आणि रिमोट हातात. मालिका नकोत, बातम्या तर मुळीच नकोत, असं करत बटणं दाबत असताना एका संध्याकाळी हिरवीगार शेतं दिसली, त्यांत गायी, मागं टेकडीवर किल्ला, आणि मधल्या रस्त्यानं रंगीबेरंगी कपड्यांतली शे-दीडशे माणसं सायकली दामटत चाललेली. पाच मिनिटं बघू म्हटलं. शर्यत तीन आठवडे चालली आणि मी ती पूर्ण बघितली. आमच्या दारात दौलताबादचा किल्ला आहे, तिथं मी आयुष्यात दोनदा गेले असेन. फ्रान्समधले किल्ले मात्र आता मला पाठ आहेत.

मला स्वतःला सायकल येत नाही, हेही सांगून टाकते. लहानपणी शिकवणाऱ्या भावानं मागून हात सोडला आणि मी थेट पिठाच्या गिरणीत शिरले. त्यानंतर घरच्यांनी सायकल भावाला दिली आणि मला बँकेच्या परीक्षेची पुस्तकं. त्यामुळं घाटात जीभ बाहेर आलेल्या माणसाला सोफ्यावरून ‘अरे, आता लाव की जोर’ असं सांगताना मला कधी संकोच वाटला नाही. ज्याला येत नाही त्यालाच सगळं कळतं, हा आपल्याकडचा नियम क्रिकेटलाच लागू आहे असं थोडंच आहे.

पुढच्या जुलैपासून माझ्याकडं माणसं जमू लागली. माणसं म्हणजे दोनच. एक तळमजल्यावरचे साहेब. मूळचे देवगाव रंगारीचे, कालव्यांवर आणि त्यांतून शेतापर्यंत जाणाऱ्या चाऱ्यांवर इंजिनिअर म्हणून सगळी नोकरी काढलेले. सगळी बिल्डिंग त्यांना साहेबच म्हणते. संध्याकाळी त्यांच्या घरचा टीव्ही वहिनींच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, मालिकांच्या ताब्यात असायचा, म्हणून ते जिना चढून दुसऱ्या मजल्यावर माझ्याकडं यायचे. दुसरे भाईजान. साहेबांच्याच ऑफिसात ते नकाशे काढायचे. रोशन गेटहून स्कूटरवर यायचे, येताना नानखटाई आणायचे आणि निम्मी स्वतःच संपवायचे.

शर्यतीचा हिशेब सोपा आहे. रोज एक टप्पा. सगळ्या टप्प्यांचा मिळून ज्याला सर्वांत कमी वेळ लागला तो पहिला, आणि जो पहिला आहे त्यानं पिवळा शर्ट घालायचा. हा शर्ट हिसकावण्यासाठी तीन आठवडे सगळे जिवावर उदार होऊन भांडतात. पण शेवटच्या दिवशी एक गंमत असते. त्या दिवशी पिवळ्या शर्टवाल्याला मागं टाकायला कुणी जात नाही. तसा लेखी नियम नाही, रीत आहे. डोंगर चढून झाले, पडून झालं, रडून झालं, आता त्याला सुखानं पोचू द्यायचं. सगळे त्याच्या मागं गप्पा मारत चालतात, कुणी हात मिळवतं, कुणी पेला उंचावतं. खरी चुरस असते ती अगदी शेवटच्या फेऱ्यांत, तीही फक्त त्या दिवसापुरती.

भाईजानना ही रीत फार आवडायची. “इसको बोलते तहजीब,” असं ते दर वर्षी त्याच जागी म्हणायचे. साहेब दर वर्षी म्हणायचे की आपल्याकडं उलट आहे, वर्षभर सगळे निवांत असतात आणि एकतीस मार्चला पळत सुटतात.

आमच्या बिल्डिंगीत तर ही रीत कुणाला समजावूनही सांगता आली नसती. तिसऱ्या मजल्यावर सोसायटीचे चेअरमन राहतात. ते जिना कधी चढत नाहीत, सर करतात. समोर म्हातारं माणूस असो, सामान असो, नवी नवरी माप ओलांडायला निघालेली असो, ‘जरा साइड द्या’ म्हणत ते पुढं जातात आणि वर जाऊन कठड्यापाशी नुसते उभे राहतात.

दर वर्षी आम्ही तिघं एकेक सायकलवाला आपला म्हणून धरायचो. नावं कुणालाच उच्चारता यायची नाहीत, म्हणून खुणेनं धरायचो. भाईजान पहिला आठवडा थांबायचे आणि मग जो पिवळा शर्ट घालील तो आपला म्हणायचे. नोकरीतही त्यांनी बदलून आलेल्या प्रत्येक साहेबाचा स्वभाव आठवडाभर बघूनच मग सलाम ठोकला होता. मी देखण्या माणसाला धरायची. या वयात ती एक सोय असते. साहेबांनी मात्र पहिल्याच वर्षी धरलेला माणूस कधी सोडला नाही. तो होता पाणक्या.

या शर्यतीत पाणके असतात, हे मला फार उशिरा कळलं. ते जिंकायला आलेलेच नसतात. मागं गाडीपाशी जायचं, शर्टात पाण्याच्या बाटल्या कोंबायच्या, पुन्हा धापा टाकत पुढं यायचं आणि आपल्या म्होरक्याला पाणी द्यायचं, एवढंच काम. साहेबांचा पाणक्या वयानं त्या सगळ्यांत थोरला, कानशिलं पांढरी झालेला. तो कायम शेवटच्या चार-पाचांत असायचा. आम्ही चिडवलं की साहेब म्हणायचे, “पाणी पोचवायचं काम आहे ताई. ते मला कळतं. बाकी सगळा डामडौल आहे.”

आणि ज्याचा माणूस सगळ्यांत मागं, त्याचा आमच्याकडं सत्कार व्हायचा. शर्यत संपली की शाल आणि नारळ. नारळ नवा असायचा, शाल तीच. ती मला निवृत्तीच्या समारंभात मिळालेली होती, हिमरू म्हणून. भाईजानच्या आजोळी हिमरूचे माग होते. त्यांनी पहिल्या वर्षी ती शाल दोन बोटांत धरली आणि म्हणाले की हिनं हिमरू लांबून तरी पाहिलं असेल का, याची शंका आहे. सत्कार झाला की शाल पुन्हा घडी करून माझ्या कपाटात जायची. सत्काराच्या शालींचं सगळीकडं हेच होतं, आम्ही फक्त ते उघडपणे करायचो. मान जवळजवळ दर वर्षी साहेबांचाच असायचा आणि ते तो खुर्चीतून उठून, मान वाकवून, गंभीर चेहऱ्यानं घ्यायचे.

यंदा जूनमध्ये साहेबांच्या छातीत जड वाटायला लागलं. तपासणीत तीन ठिकाणी अडथळे निघाले. बायपास करावी लागेल, डॉक्टर म्हणाले. आजच्या आज नाही, गोळ्यांवर जुलै निघेल, पण त्यापुढं ढकलू नका. आणि तोवर जिने चढायचे नाहीत.

इथून साहेबांमधला वकील जागा झाला. आधी ते म्हणाले, आषाढात नको. हा माणूस सगळी नोकरी अमावास्येला पाया खणून ज्योतिषांची टिंगल करत आला होता. वहिनींनी पंचांग समोर ठेवलं आणि आषाढ कधी संपतो ते दाखवलं. मग ते म्हणाले, सायकलची शर्यत होऊन जाऊ द्या, अर्धवट सोडून टेबलावर झोपलो तर जीव तिकडंच राहील. वहिनींनी विचारलं, संपते कधी. रविवारी, साहेब म्हणाले. वहिनींनी लगेच डॉक्टरांना फोन लावला आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीची, सोमवारची दुपार दाखल व्हायला ठरवून टाकली. साहेबांचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला होता.

त्याच दिवशी वहिनी वर माझ्याकडं आल्या. बसल्या नाहीत. माझ्या टीव्हीकडं सवतीकडं बघावं तसं बघत म्हणाल्या, “ताई, हा रिकामटेकड्यांचा उद्योग तुम्ही चालू केलाय. सोमवारी हे दवाखान्यात गेले नायत, तर मी तुम्हाला विचारीन.”

मी हो म्हटलं. आणखी काय म्हणणार होते? मला साहेब हवे होते. माझ्या वयाला नवी मैत्री होत नाही, जी आहे ती टिकवायची असते. आणि हा माणूस भीतीपोटी तारखा पुढं ढकलत होता, हे मला, भाईजानना आणि वहिनींना, तिघांनाही स्वच्छ दिसत होतं. साहेबांपुढं मात्र कुणी ते बोलत नव्हतं.

जिना बंद, म्हणून यंदा शर्यत खाली उतरली. माझ्या मोबाईलवरचं चित्र साहेबांच्या टीव्हीला जोडलं आणि आम्ही तिघं त्यांच्या दिवाणखान्यात तळ ठोकून बसलो. वहिनींच्या मालिका तीन आठवड्यांसाठी बुडाल्या. त्या एकदाही बाहेर येऊन बसल्या नाहीत. स्वयंपाकघरातून भांडी जरा जोरात ठेवल्याचा आवाज यायचा, मधून चहा यायचा, आणि चहाबरोबर एखादं वाक्य. कुणी घाटात कोलमडलं की आतून आवाज, “घरी सांगून तरी आलाय का तो?”

साहेब बिनसाखरेचा चहा पीत शर्यत बघायचे आणि चढ आला की आपोआप छातीवर हात ठेवायचे. मी बघायची आणि नजर वळवायची. एरवी चढाचं प्रमाण किती, वळण कसं चुकीचं काढलंय, पाणी वाहून जायला गटार कुठं ठेवायला हवं होतं, असं सगळं ते फ्रान्सला ऐकवत असत. यंदा त्यांचं सगळं लक्ष पाणक्याकडं होतं. टीव्हीवाले सांगत होते म्हणे, त्याची ही शेवटची शर्यत. तो दिसला की साहेब म्हणायचे, आहे अजून. दिसला नाही की चष्मा पुसायचे.

तो शेवटचा रविवार. नारळ आणला होता, शाल घडी करून टीपॉयवर ठेवली होती. तिकडं पाऊस सुरू झाला. रस्ता दगडी, ओला, आणि शेवटच्या फेऱ्या शहराच्या ऐन मधून. माणसं घसरून पडायला लागली, तेव्हा पंचांनी जाहीर केलं की एकूण शर्यतीचा वेळ आताच, इथंच धरला. पिवळा शर्ट ठरला. यापुढं ज्यांना दिवसाचा टप्पा जिंकायचाय त्यांनी पळा, बाकीच्यांनी सांभाळून या, पण शेवटची रेघ ओलांडायला पाहिजे.

साहेब सरसावून बसले. म्हणाले की हे कसं काय, वेळ इथं संपला आणि शर्यत तिथं संपणार, मग मधल्या रस्त्यावर जे चाललेत ते कशासाठी चाललेत.

“इज्जत के लिए,” भाईजान म्हणाले.

तेवढ्यात एका वळणावर तीन-चार जण एकावर एक पडले. सगळ्यांत खाली साहेबांचा पाणक्या. बाकीचे उठले, गेले. तो रस्त्याच्या कडेला बसला, कोपर धरून, पावसात. सायकल शेजारी आडवी. कॅमेरा त्याच्यावर पाहुण्यासारखा जरा थांबला आणि पुढच्यांच्या मागं निघून गेला. मग कुणीतरी टप्पा जिंकला, हात वर केले, मिठ्या मारल्या, पिवळ्या शर्टवाला मंचावर चढला, त्याचं लेकरू त्याच्या कडेवर, राष्ट्रगीत, कारंजी. आम्ही वाट बघत राहिलो. पाणक्या काही दाखवला नाही. मग जाहिराती लागल्या आणि त्यानंतर कुस्ती सुरू झाली.

आमचा दर वर्षीचा शेवट म्हणजे एक छोटी सभाच असायची. कोण कुठं चुकलं, कुणाला कधी अक्कल यायला हवी होती, हे आम्ही नानखटाई संपेपर्यंत ठरवायचो. त्या दिवशी सभा झाली, पण एकाच ठरावावर. शर्यत संपली की नाही?

मी म्हटलं, संपली, राष्ट्रगीतसुद्धा झालं. भाईजान म्हणाले, पिवळा शर्ट ठरला तेव्हाच संपली, बाकी सगळं वऱ्हाडाचं नाचणं. साहेबांनी दोघांचंही ऐकून घेतलं. मग शाल उचलून माझ्या हातात दिली.

“आमचा माणूस अजून रस्त्यात आहे,” ते म्हणाले. “तो आल्याबिगर मी संपली म्हणत नसतो.”

आणि मग सहज बोलल्यासारखं पुढं म्हणाले की पुढच्या महिन्यात स्पेनची शर्यत आहे, तीही तीन आठवड्यांचीच, तीत याचा छडा लागेल, तेव्हा दवाखान्याचं तिच्यानंतर बघता येईल. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. भाईजाननी माझ्याकडं बघितलं. मी शालीच्या गोंड्यांशी खेळत बसले. वहिनी बाहेर आल्या नाहीत.

सोमवारी सकाळी दूध आणायला खाली उतरले तर साहेब पार्किंगमधल्या बाकावर बनियनवर बसलेले. दाढी केलेली नव्हती. बॅग भरलीत का, असं विचारायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. शेजारी बसले.

तेच बोलले, समोरच्या स्कूटरकडं बघत. “ताई, मी जन्मभर कालव्यांची दुरुस्ती केली. फुटलं की अस्तर लावायचं, बिल काढायचं, अन् दाखल्यावर लिहायचं, पाणी शेवटपर्यंत पोचलं. शेवटपर्यंत जाऊन कोण बघतंय? आता ह्या डॉक्टरनं मला तसाच कागद दिलाय. दुरुस्ती होईल, पाणी पोचंल.” ते हसले. “मला लई भीती वाटायलीय.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा मोठा माणूस, सगळ्या बिल्डिंगीला दटावणारा, बनियनवर बसून असं बोलत होता. काही होत नाही हो, असं माझ्या गुडघ्याच्या वेळी मला येणारा-जाणारा सांगत होता, तेव्हा प्रत्येकाला काठीनं झोडावंसं वाटलं होतं. म्हणून ते मी म्हटलं नाही. मलाही वाटली होती, एवढंच म्हणाले. ते म्हणाले, गुडघा अन् काळीज एक आहे का? नाही, मी म्हटलं. मग आम्ही दोघं स्कूटरकडं बघत बसलो.

तेवढ्यात वहिनी आल्या. हातात मोबाईल, नाकावर चष्मा. त्यांनी पुण्याच्या लेकीला झोपेतून उठवून कामाला लावलं होतं. त्या पाणक्याचं काय झालं ते शोध, आणि मिळाल्याशिवाय मला फोन करू नकोस. लेकीनं विचारलं, आई, नाव काय त्याचं? आणि वहिनींनी नाव सांगितलं होतं. पहिलं, मधलं, आडनावासकट. जे नाव आम्हा तिघांना इतक्या वर्षांत जिभेवर चढवता आलं नव्हतं, ते त्यांनी तीन आठवडे कांदा चिरता चिरता ऐकून पाठ केलं होतं.

कुणीतरी रस्त्याकडेला उभं राहून काढलेलं ते चित्रण होतं. पाऊस थांबलेला. कामगार लोखंडी कठडे उचलून ट्रकमध्ये टाकत होते, कागदी झेंडे झाडत होते. आणि त्या पसाऱ्यातून तो एकटा आला. शर्ट कोपरावर फाटलेला, एक हात पोटाशी धरलेला, दुसऱ्या हातानं सायकल सांभाळत, माणूस चालत येईल तेवढ्याच वेगानं. कठडा उचलणारे दोघं थांबले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानं रेघ ओलांडली, पाय टेकला, आणि सायकलची बाटली काढून पाणी प्यायला. इतक्या वर्षांत त्याला स्वतः पाणी पिताना मी पहिल्यांदा बघितलं.

साहेबांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा.

“पोचला बघा,” वहिनी म्हणाल्या. “शेवटपर्यंत पोचला. आता उठा, दाढी करा.”

पार्किंगमधलं आमचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं की नाही, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही. साहेब मोबाईलकडं बघत होते. मग गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि गरम पाणी काढलंय का, असं विचारत आत गेले.

दुपारी रिक्षा आली. भाईजान स्कूटर घेऊन हजर होते. मी शाल खाली आणली, कारण आता निकाल लागला होता, पाणक्या सगळ्यांत शेवटी आला होता आणि सत्कार साहेबांचा होता. मी घडी मोडायला गेले तर भाईजाननी माझा हात धरला.

“नको ताई,” ते म्हणाले. “शाल पोचलेल्याला असते. ये तो अब निकल रहे.” आणि साहेबांना म्हणाले, “उपर आके लेना. दुसरा माला.”

साहेबांनी त्यांच्याकडं रागानं बघितल्यासारखं केलं आणि रिक्षात बसले. रिक्षात साहेब, वहिनी आणि मी, मागून भाईजानची स्कूटर. गारखेड्यावरून जालना रोडला लागेपर्यंत मी मागच्या फटीतून बघत होते. रिक्षा खड्डे चुकवत इतकी हळू चालली होती की सायकलवालेसुद्धा आम्हाला मागं टाकत होते. भाईजान मात्र पुढं आले नाहीत. सिग्नलला जागा मिळाली तरी मागंच थांबले.

ऑपरेशनचा दिवस मला नीटसा आठवत नाही, आणि आठवायचाही नाही. बाहेर बाकावर वहिनी आणि मी. त्या एकच टॉवेल पुन्हा पुन्हा घडी करत होत्या. मधेच त्यांनी विचारलं, “शेवटच्या दिवशी त्याच्या पुढं कुणी का जात नाय हो?” मला आधी कळेचना त्या कशाबद्दल बोलतायत. मग मी सांगितलं, अवघड असतं ते सगळं त्यानं सोसलेलं असतं, म्हणून त्या दिवशी त्याला आधी पोचू देतात. त्या म्हणाल्या, बरंय. आणि टॉवेल उलगडून पुन्हा घडी करायला घेतला. थोड्या वेळानं दार उघडलं आणि डॉक्टर बाहेर आले. सगळं व्यवस्थित झालंय, ते म्हणाले. वहिनींनी त्यांना वाकून नमस्कार केला आणि मग भिंतीकडं तोंड करून रडल्या. मी उघडपणे रडले. भाईजान वॉचमनशी पार्किंगवरून भांडायला खाली गेले होते, त्यांना ते तिथं कळलं. भांडण अर्धवट सोडून आलेले भाईजान मी तेव्हाच बघितले.

पुढचे काही आठवडे साहेब खालीच होते. घरात फेऱ्या, मग पार्किंगमध्ये फेऱ्या, मग गल्लीच्या टोकापर्यंत. शाल माझ्याकडं त्यांच्या वेताच्या खुर्चीच्या पाठीवर पडून होती. मोलकरणीनं ती दोनदा कपाटात ठेवली, दोनदा मी काढून परत टाकली. स्पेनची शर्यत सुरू व्हायच्या सुमारास डॉक्टरांनी सांगितलं, हळूहळू जिना चढायला हरकत नाही. त्याच संध्याकाळी साहेबांनी चपला घातल्या.

मी वर दारात उभी राहिले. भाईजान माझ्या शेजारी, हातात शाल. खालून आवाज यायला लागला, दोन पायऱ्या, थांबणं, श्वास, पुन्हा एक पायरी. साहेब कठडा धरून पुढं, वहिनी त्यांच्या मागं एक पायरी सोडून. हात लावत नव्हत्या. पहिल्या मजल्याच्या वळणावर ते बराच वेळ थांबले. वर बघितलं, आम्ही दिसलो, तर ओशाळून भिंतीकडं बघायला लागले. भाईजान काहीतरी बोलायला गेले, मी त्यांना कोपरानं ढोसलं.

आणि तेव्हाच खालून चेअरमन आले. डोक्यावर हेल्मेट, हातात कोथिंबिरीची पिशवी, नेहमीची घाई. “जरा साइड द्या, साहेब, जरा साइड,” असं म्हणत ते वहिनींच्या मागं पोचले आणि एक पाय वरच्या पायरीवर टाकलाच.

वहिनींनी वळून बघितलंसुद्धा नाही. एक हात लांब केला आणि भिंतीपासून कठड्यापर्यंत जिना अडवला.

“थांबा भाऊ,” त्या म्हणाल्या. “आज ह्यांच्या पुढं जायचं नसतं.”

चेअरमनना यातलं एक अक्षर कळलं नसणार. पण वहिनींच्या आवाजाला या बिल्डिंगीत आजवर कुणी उलट विचारलेलं नाही. त्यांनी वरच्या पायरीवरचा पाय खाली घेतला आणि ते थांबले. साहेब निघाले. वहिनी त्यांच्या मागं, हात तसाच आडवा. त्यांच्या मागं हेल्मेट घातलेले चेअरमन, पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून, एकेक पायरी. चेअरमनना एवढं हळू चढताना आम्ही पहिल्यांदाच बघत होतो, आणि त्यांनाही ते जमत होतं.

साहेबांनी माझ्या दाराचा उंबरा ओलांडला तेव्हा त्यांना धाप लागली होती. भाईजाननी शाल त्यांच्या खांद्यावर टाकली, दोन्ही टोकं पुढं ओढून छातीवरची जखम झाकेल अशी नीट केली. साहेबांनी मान वाकवली, नेहमीसारखी, आणि वेताच्या खुर्चीत बसले. नारळ आणायला मी विसरले होते.

वहिनी अजून बाहेर जिन्यातच होत्या. त्यांनी आत बघितलं, खुर्चीत बसलेल्या माणसाला एकदा डोळे भरून बघितलं. मग कठड्यावरचा हात काढून घेतला आणि चेअरमनना म्हणाल्या, “आता जा तुम्ही.”